लंडनच्या ऑलिंपिकांतील आमची चाकरी

परदेशांतील मोठमोठ्या सामन्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. कोण धांवला, कोण जिंकला, कोणत्या राष्ट्राच्या वांट्यास किती पदकें आलीं, हें वर्तमानपत्रें त्या त्या दिवशींच सांगून मोकळीं होतात. आम्ही जें सांगणार आहों तें याहून निराळें आहे. सन २०१२ च्या उन्हाळ्यांत लंडन शहरीं जे ऑलिंपिक सामने झाले, त्यांत आम्हीं स्वयंसेवक म्हणून काम केलें. स्वयंसेवकास खेळ फारच थोडा दिसतो. माणसें मात्र हजारों दिसतात. तेव्हां प्रस्तुत लेख खेळांविषयीं नसून माणसांविषयीं, आणि ज्या जागीं तीं आम्हांला भेटलीं त्या जागेविषयीं आहे, असें वाचकांनीं प्रथमच समजावें.

लंडनला हा मान तिसऱ्या वेळीं मिळाला. १९०८ आणि १९४८ या दोन सालीं तेथें ऑलिंपिक सामने झाले होते. २०१२ चे धरून तीन वेळां यजमानपद मिळविणारें लंडन हें पहिलेंच शहर ठरलें. १९४८ चे सामने महायुद्ध संपून तीनच वर्षें झालीं असतां भरले. इंग्लंडांत त्या वेळीं अन्नाचें रेशनिंग चालू होतें. खेळाडूंना गोदींतील हमाल व खाणींतील मजूर यांच्याइतका वाढीव शिधा मिळे, आणि पुष्कळांचा उतारा सैन्याच्या छावण्यांत असे. स्वतंत्र भारताचा संघ त्या सामन्यांत प्रथमच उतरला, आणि वेंब्लीच्या मैदानावर ब्रिटनचा ४-० असा पराभव करून आपल्या हॉकीपटूंनीं सुवर्णपदक मिळविलें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव हे त्याच सामन्यांत कुस्ती खेळून सहावे आले. तांबड्या मातींत घडलेल्या या मल्लास तेथें मॅटवर लढावें लागलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या सहाव्या क्रमांकाची किंमत कळते.

२०१२ च्या सामन्यांसाठीं लंडनची निवड सन २००५ च्या जुलैच्या ६ तारखेस सिंगापूर येथें जाहीर झाली. शहरांत आनंदोत्सव झाला. आणि दुसऱ्याच दिवशीं भुयारी रेल्वेंत व एका बसमध्यें बाँबस्फोट होऊन ५२ निरपराध माणसें प्राणांस मुकलीं. या दोन तारखा लंडनकरांच्या मनांत एकमेकींस चिकटून बसल्या आहेत. त्यानंतर कित्येक महिने आमच्यासारखा सांवळा मनुष्य खांद्यास पिशवी लावून गाडींत शिरला, म्हणजे सहप्रवाशांचे डोळे क्षणभर त्या पिशवीवर जाऊन परत फिरत. कोणी उणा शब्द बोलत नसे. पण नजर कळावयाची ती कळतेच.

आम्ही मूळचे पुण्याचे. लंडनमध्यें एका हिशेबतपासणीच्या कचेरींत नोकरी धरून त्या वेळीं आम्हांस २५ वर्षें होत आलीं होतीं. १९३२ सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळांत सणावारीं जावें, चार ओळखीचीं माणसें भेटावीं, पुरणपोळी खावी, आणि पुनः आपल्या उद्योगास लागावें, असा आमचा क्रम असे. इतक्या वर्षांत इंग्रज शेजाऱ्यांनीं आम्हांला कधीं दुखविलें नाहीं. तथापि कोणाही नव्या माणसाची गांठ पडली कीं पहिला प्रश्न येई तो, ‘आपण मूळचे कोठले?’ हाच. प्रश्न सभ्यपणाचाच असे, आणि उत्तर देण्यांत आम्हांला संकोचही नसे. पण २५ वर्षें एकच प्रश्न ऐकला म्हणजे आपण अजून ओसरीवरच बसलों आहों, माजघरांत आपल्याला कोणीं बोलाविलें नाहीं, असें वाटूं लागतें.

२०१० च्या सप्टेंबरमध्यें स्वयंसेवकांसाठीं अर्ज मागविण्यांत आले. सुमारें ७०,००० माणसें पाहिजे होतीं. अर्ज आले २,४०,००० च्या वर. आमचाही त्यांत एक होता. घरांत ही वार्ता कळली तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं फार विरोध केला नाहीं. विरोध झाला तो पुण्याहून. आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, ते आयुष्यभर बँकेंत अधिकारी होते, आणि कोणत्याही गोष्टीची जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंनीं तपासणी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाहीं.

“पगार किती?” त्यांनीं फोनवर विचारलें.

“पगार नाहीं, दादा. कामाच्या दिवशीं लंडनांतला गाडीचा पास फुकट, आणि एक वेळचें जेवण.”

“आणि रजा?”

“स्वतःची. निदान १० दिवस तरी काम करावें लागतें.”

“म्हणजे तिकिटें ते विकणार, कंपन्यांच्या जाहिराती ते घेणार, आणि तूं पन्नाशीच्या घरांत आलेला मनुष्य फुकट राबणार! अरे, याला सेवा म्हणत नाहींत, वेठ म्हणतात.”

आम्ही निरुत्तर झालों. तेवढ्यांत मागून आमच्या मातोश्रींचा आवाज ऐकूं आला. “दर्शनाच्या रांगेंत वारकऱ्यांना पाणी देणारे काय पगार घेतात? जाऊं दे त्याला. नाहीं तरी तो तिथें नुसता ऑफिसांत बसून असतो.” या शेवटच्या वाक्यानें आमच्या २५ वर्षांच्या नोकरीचा निकालच लागला, परंतु परवानगी मिळाली.

पुढें मुलाखत झाली, आणि २०१२ च्या आरंभीं वेंब्लीच्या बंदिस्त क्रीडागृहांत सर्व निवडलेल्या मंडळींचे मोठाले मेळावे भरले. त्यानंतर कामाचें आणि नेमून दिलेल्या जागेचें वेगवेगळें शिक्षण मिळालें. हरवलेल्या मुलाशीं कसें बोलावें, अंध मनुष्यास वाट दाखवितांना त्याचा हात आपण धरावा कीं आपला हात त्यास धरूं द्यावा (दुसरीच रीत योग्य आहे), रांगेंत भांडण लागल्यास काय करावें, अशा बारीकसारीक गोष्टी तेथें शिकविल्या. मग गणवेष हातीं आला. जांभळा आणि तांबडा अशा दोन भडक रंगांचा तो पोषाख, टोपी आणि खांद्यावरची पिशवी यांसह आम्हीं घरीं अंगावर चढविला, तेव्हां आमच्या सौभाग्यवती हंसूं आवरून म्हणाल्या, “वरातीला निघालेल्या बँडवाल्यांत आपण सहज खपून जाल.”

आमची नेमणूक एक्सेल या नांवाच्या प्रचंड प्रदर्शनगृहांत झाली. मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्यूडो, तायक्वोंदो, तरवारबाजी, टेबल टेनिस आणि वजन उचलणें असे सात खेळ तेथें एका छपराखालीं होते. ही जागा पूर्व लंडनमध्यें रॉयल व्हिक्टोरिया गोदीच्या कांठीं आहे. तिचा इतिहास आमच्या लोकांच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ही गोदी १८५५ सालीं उघडली. तिच्या शेजारींच पुढें रॉयल अल्बर्ट गोदी झाली. साम्राज्याचा व्यापार या पाण्यावरून चाले. हिंदुस्थानांतून येणाऱ्या मोठ्या आगबोटींच्या डेकवर दोर ओढणाऱ्या खलाशांत रत्नागिरीकडील पुष्कळ असत, आणि त्याच बोटींच्या भोजनगृहांत वाढपी म्हणून गोमंतकीय असत. या लोकांना तेथें लास्कर म्हणत. गोऱ्या खलाशाहून कितीतरी कमी वेतनावर त्यांना राबावें लागे. आणि परतीच्या बोटीची वाट पाहत थंडीवाऱ्यांत याच गोद्यांच्या आसपास ते दिवस कंठीत. पुढें मोठ्या पेटाऱ्यांचा व्यापार सुरू झाला, जहाजें समुद्रमुखाकडच्या बंदरांत थांबूं लागलीं, आणि १९८१ सालीं या गोद्यांतील मालाची चढउतार बंद पडली. कित्येक वर्षें तेथें नुसतें पाणी होतें. २००० सालीं त्या कांठावर हें प्रदर्शनगृह उभें राहिलें. जुन्या यारी मात्र शोभेसाठीं म्हणून तशाच ठेवल्या आहेत.

सकाळची पाळी असली म्हणजे आम्ही पहांटे चारला उठत असूं. शेवटचा टप्पा एका लहानशा आगगाडीचा. या गाडीस चालक नसतो. पुढच्या बांकावर बसलें कीं आपणच गाडी हांकीत आहों असा भास होतो, आणि त्यासाठीं साठ वर्षांचे प्रवासीही मुलांसारखे पुढें धांवतात. गाडींत आमच्यासारखे जांभळे वेष पंधरावीस असत. निवृत्त शाळामास्तर, नर्स, बसचा चालक, कॉलेजांतील मुली, एक निवृत्त न्यायाधीश, असा तो मेळा. त्या न्यायाधीशांना वाहनतळावर गाड्या लावून घेण्याचें काम मिळालें होतें, आणि ते तें अत्यंत गंभीरपणें करीत.

आमचें काम प्रेक्षकांच्या व्यवस्थेचें. दारापाशीं उभें राहून तिकीट पाहावें, कोणता खेळ कोणत्या दालनांत आहे तें सांगावें, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसावयास जागा करून द्यावी, आणि सर्वांत अधिक वेळां विचारला जाणारा प्रश्न म्हणजे शौचकूप कोठें आहे याचें उत्तर द्यावें. आम्हीं एके दिवशीं मोजूं गेलों, तों दोनशेंच्या पुढें मोजणें सोडून दिलें. कधीं दालनाच्या आंत नेमणूक झाली तर वाटे कीं आज खेळ दिसेल. पण नियम असा कीं स्वयंसेवकानें प्रेक्षकांकडे तोंड करून उभें राहावें. म्हणजे खेळाकडे आपोआप पाठ होते. मागें काय चाललें आहे तें समोरच्या चेहऱ्यांवरून ताडावयाचें. दहा हजार डोळे एकदम मोठे झाले म्हणजे कोणीतरी पडला, आणि सर्वजण उठून ओरडले म्हणजे कोणीतरी जिंकला, एवढें आम्हांला कळे. पंढरपुरास दर्शनबारींत उभें राहून माणसें पुढें सरकविणाऱ्याच्या पाठीशींच विठोबा असतो. तसाच हा प्रकार होता.

८ ऑगस्टला मणिपूरच्या मेरी कोम यांची उपांत्य लढत झाली. स्त्रियांचें मुष्टियुद्ध ऑलिंपिकांत प्रथमच त्या वर्षीं आलें होतें, आणि जुळ्या मुलांची ही आई ५१ किलोच्या गटांत उतरली होती. समोर ब्रिटनची निकोला ॲडम्स. दालनांत बहुतेक सारे ब्रिटिश प्रेक्षक. त्यांचा गजर असा कीं पायांखालची फरशी कांपावी. एका कोपऱ्यांत मात्र तिरंगा घेऊन पांचपन्नास मंडळी घसा फोडीत होती. आमची पाठ रिंगणाकडे. त्या कोपऱ्यांतले चेहरे हळूहळू उतरत गेले, त्यावरून आम्हांला निकाल समजला. परंतु बाहेर पडतांना त्यांतल्या एका म्हातारबुवांच्या खांद्यावर हात ठेवून एक धिप्पाड इंग्रज म्हणाला, “तुमची बाई फार शूर.” म्हातारबुवांना इंग्रजी येत नव्हतें. आम्हीं भाषांतर करून सांगितलें. त्यांनीं त्या गोऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

कुस्त्या शेवटच्या आठवड्यांत झाल्या. ११ ऑगस्टच्या दिवशीं दारापाशीं एक वृद्ध गृहस्थ आले. अंगांत कोट, डोकीस टोपी, आणि हातांत तिकीट उलटें धरलेलें. मुलीकडे राहावयास आले होते. आम्हांला त्यांनीं मोडक्या हिंदींत वाट विचारली. बोलण्याचा हेल ऐकून आम्हीं मराठींत उत्तर दिलें. ते थबकले.

“तुम्ही कुठले म्हणायचे?”

“मूळचे पुण्याचे. आतां इथलेच.”

“आम्ही कऱ्हाडाकडचे,” ते म्हणाले. “गोळेश्वर आमच्यापासून जवळ. खाशाबा इथंच लढले न्हवं का?”

ती कुस्ती १९४८ सालीं शहराच्या दुसऱ्या भागांत, अर्ल्स कोर्टकडे झाली होती, हें आम्हीं सांगितलें. मग पांच मिनिटें गृहस्थ दारांतच उभे राहून बोलत होते. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं खाशाबांपाशीं पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तेथें कांस्यपदक मिळालें. आणि गांवीं परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही कथा त्यांना तोंडपाठ होती. स्वतंत्र भारताला कोणा एका खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरें मिळावयास ४४ वर्षें जावीं लागलीं. आमच्यामागें रांग वाढत होती. पण रांगेंतलें कोणीही कुरकुरलें नाहीं.

त्या दिवशीं योगेश्वर दत्त हे आधीं एक कुस्ती हरले. परंतु त्यांना हरविणारा मल्ल अंतिम फेरींत पोंचल्यामुळें नियमाप्रमाणें त्यांना पुनः संधी मिळाली. आणि थोड्याच वेळांत लागोपाठ तीन कुस्त्या मारून, एक डोळा सुजला असतांही, त्यांनीं कांस्यपदक घेतलें. रात्रीं परततांना कऱ्हाडकर गृहस्थ मुद्दाम आमच्या दाराकडून गेले. “बघितली का हो?” त्यांनीं विचारलें. आम्ही नाहीं म्हटल्यावर त्यांनीं भर रस्त्यांत, अंगावरच्या कोटासह, शेवटचा डाव आम्हांला करून दाखविला. त्या सामन्यांतील कुस्ती आम्हीं पाहिली ती एवढीच, आणि ती उत्तम होती.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. त्या कामांत कित्येक हजार माणसांनीं आम्हांला प्रश्न विचारले. ‘कोणीकडून जावें? किती वेळ लागेल? येथें जवळ चहा कोठें मिळेल?’ परंतु गणवेषांत असतांना ‘आपण मूळचे कोठले?’ असें कोणाही गोऱ्या माणसानें विचारलें नाहीं. गाडींत ज्या खांद्यावरच्या पिशवीकडे एके काळीं नजरा वळत, त्याच खांद्यावर आतां जांभळी पिशवी होती, आणि अनोळखी माणसें ती पाहून आपण होऊन शेजारीं येऊन बसत. भुयारी रेल्वेंत एकमेकांशीं न बोलणें हा लंडनचा अलिखित कायदा आहे. तो तीन आठवडे पार मोडला. ज्या कांठावर आमच्या कोंकणचा खलाशी परतीच्या बोटीची वाट पाहत बसे, त्याच कांठावर उभे राहून आम्ही जगाला ‘या, बसा’ म्हणत होतों. यजमान होण्यासाठीं घर आपल्या नांवावर असावें लागत नाहीं. दारांत उभें राहून आलेल्याचें स्वागत करावें लागतें, एवढें आम्हांला तेथें समजलें. सामने आटोपून गणवेष कपाटांत गेल्यावर महिन्याभरांतच जुना प्रश्न पुनः कानीं आला, हेंही सांगितलें पाहिजे. पण आतां त्या प्रश्नानें ओसरीवर बसल्यासारखें वाटेनासें झालें.

सर्व कांहीं सुरळीत होतें असें मात्र नव्हे. सामन्यांस दोन आठवडे राहिले असतां, सुरक्षेचा ठेका घेतलेल्या खासगी कंपनीस पुरेसे पहारेकरी देतां येत नाहींत असें उघडकीस आलें, आणि सरकारला आणखी ३,५०० सैनिक बोलवावे लागले. रजेवर जाणारीं पोरें प्रेक्षकांच्या पिशव्या तपासूं लागलीं. आणि नवल असें कीं त्यांच्या विनोदी व नम्र वागणुकीमुळें ती तपासणीही लोकांना गोड वाटली. दुसरी गोष्ट रिकाम्या खुर्च्यांची. बाहेर लोक तिकिटासाठीं तळमळत असतां पहिल्या कांहीं दिवसांत आंत मोक्याच्या जागा ओस दिसत. त्या अधिकाऱ्यांसाठीं व पाहुण्यांसाठीं राखून ठेवलेल्या होत्या. उद्घाटनाच्या समारंभाचें तिकीट स्वस्तांत स्वस्त २० पौंड १२ पेन्स आणि महागांत महाग २,०१२ पौंड होतें. अशा वेळीं दादांचें ‘वेठ’ हें वचन आठवल्यावांचून राहत नसे.

२९ ऑगस्टपासून ९ सप्टेंबरपर्यंत पॅरालिंपिक, म्हणजे अपंग खेळाडूंचे सामने झाले. उरलेली रजा आम्हीं तेथें घालविली. या सामन्यांचा उगम इंग्लंडांतच आहे. नाझी जर्मनींतून १९३९ सालीं आश्रयास आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांच्याकडे स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयांत पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग होता. असे रोगी अंथरुणावर पडून मरावयाचेच, अशी त्या काळची समजूत. गुटमन यांनीं त्यांना खेळावयास लाविलें. १९४८ च्या २९ जुलैस, लंडनचे ऑलिंपिक सामने ज्या दिवशीं सुरू झाले त्याच दिवशीं, त्यांनीं १६ जणांचे धनुर्विद्येचे सामने भरविले. त्या सोळांचे २०१२ सालीं १६४ राष्ट्रांतील सुमारें ४,२०० खेळाडू झाले, आणि २७ लक्ष तिकिटें खपलीं. आपल्याकडील मुरलीकांत पेटकर यांचें नांव येथें घेतलेंच पाहिजे. सांगली जिल्ह्यांतील हे जवान १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. भारतीयानें मिळविलेलें पॅरालिंपिकचें तें पहिलें सुवर्णपदक होय. सरकारनें त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ सालीं, म्हणजे ४६ वर्षांनीं.

आमच्या दालनांत बोचिया नांवाचा खेळ होता. एक पांढरा चेंडू टाकतात, आणि आपले तांबडे किंवा निळे चेंडू त्याच्या अधिकांत अधिक जवळ न्यावयाचे असतात. हा खेळ खेळणाऱ्यांचीं शरीरें फारच परावलंबी असतात. एका गटांतल्या खेळाडूंना हातानें किंवा पायानें चेंडू टाकतां येत नाहीं. ते एका उतरत्या पन्हळींतून तो सोडतात. पन्हळ हलविण्यासाठीं एक मदतनीस असतो. परंतु नियम असा आहे कीं, मदतनिसानें मैदानाकडे पाठ करून बसावें, आणि खेळ चालू असतां मागें वळून पाहूं नये. खेळाडू खुणेनें सांगेल तेवढेंच करावें. विचार सारा खेळाडूचा. मदतनिसाचे फक्त हात. आम्ही प्रेक्षकांकडे तोंड करून उभे, आणि तो मदतनीसही बिचारा पाठमोरा. आमच्या दोघांची स्थिति सारखीच होती. फरक एवढाच कीं त्याच्या पाठमोऱ्या बसण्यावर एका माणसाचा स्वाभिमान अवलंबून होता.

आमच्या आत्याबाईंचे चिरंजीव लहानपणींच पोलिओनें अधू झाले. ते सांगलीस मोठ्या कुटुंबांत असतात. घरांत त्यांना कोणी कांहीं कमी पडूं देत नाहीं. कोणता सदरा घालावा, कोणत्या लग्नास जावें, जेवणांत काय पथ्य पाळावें, हें सर्व त्यांच्यावतीनें इतर प्रेमळपणें ठरवितात. आम्हीं फोनवर त्यांना या खेळाचें वर्णन सांगितलें. ते लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटीं त्यांनीं विचारलें, “अण्णा, तो मदतनीस मधूनच वळून बघत नाहीं?”

“बघितलें तर दंड होतो.”

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “हा नियम आपल्याकडच्या घरांनाही लावायला हवा.” त्यानंतर दोन महिन्यांनीं, भाच्याच्या लग्नास येण्याचें त्यांनीं स्वतः नाकारलें आणि त्याच दिवशीं एका मित्राबरोबर क्रिकेटचा सामना पाहावयास गेले. घरांत थोडी खळबळ उडाली असें ऐकतों. ती उडाली हें बरेंच झालें.

राहिला दादांचा जमाखर्च. या सामन्यांसाठीं सरकारनें सुमारें ९३० कोटि पौंडांची तरतूद केली होती. एवढ्या पसाऱ्यांत ७०,००० माणसांस पगार देतां आला नसता, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. आमच्या फुकट श्रमांचा लाभ मोठमोठ्या कंपन्यांना झाला, हें दादांचें म्हणणें खरेंच आहे. परंतु कऱ्हाडच्या गृहस्थांना आम्हीं जी वाट दाखविली ती कोणत्याही कंपनीस दाखविली नव्हती. एकाच कामाच्या या दोन बाजू आहेत, आणि एक खरी असल्यानें दुसरी खोटी ठरत नाहीं. म्हणून सेवा करावी, पण डोळे मिटून करूं नये. किती तास, कोणत्या सोयी, कोणाच्या हितासाठीं, हें आधीं विचारून घ्यावें. आणि एकदां पत्करलें म्हणजे मग तोंड वांकडें न करतां उभें राहावें. टोकियोच्या सामन्यांसाठीं सुमारें ८०,००० स्वयंसेवक निवडले होते; साथीमुळें ते सामने २०२१ सालीं बहुतेक ठिकाणीं प्रेक्षकांवांचून झाले, आणि त्याआधींच सुमारें १०,००० जणांनीं माघार घेतली होती. पॅरिस येथें २०२४ सालीं ४५,००० जागांसाठीं तीन लक्षांवर अर्ज आले. भारतानेंही २०३६ चे सामने आपल्याकडे व्हावेत अशी इच्छा रीतसर कळविली आहे. तो योग येईल तेव्हां येईल. पण आपल्या शहरीं लहानमोठे कोणतेही सामने भरले, तर घरांतील तरुण मुलामुलींना पाण्याच्या पिंपापाशीं किंवा दारापाशीं उभें राहण्यास वडीलधाऱ्यांनीं अवश्य पाठवावें. अभ्यासाचे चार दिवस बुडतील. परंतु अनोळखी माणसाशीं नम्रपणें व न दबतां कसें बोलावें, हें कोणत्याही क्लासांत शिकवीत नाहींत.

काम संपल्यावर प्रत्येक स्वयंसेवकास स्मरणार्थ रिले शर्यतींतील दांड्याची एक प्रतिकृति मिळाली. आमची आम्हीं पुढच्या खेपेस पुण्यास नेली. दादांनीं ती हातांत घेऊन उलटसुलट पाहिली, वजन अजमाविलें, आणि बाजारांत हिचें फारसें कांहीं येणार नाहीं असा अभिप्राय दिला. नंतर ती त्यांनीं बाहेरच्या खोलींतील कांचेच्या कपाटांत मधोमध ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती कपाट उघडून दाखवितात, आणि ‘हा फुकट राबला, त्याचें हें बक्षीस’ असें न चुकतां सांगतात. पाहुण्यास ती हातांत घ्यावयास मात्र ते सहसा देत नाहींत.